नोटीस झाडावर, आपण व्हॉट्सअ‍ॅपवर : या चुका टाळा

रिडेव्हलपमेंटमध्ये झाडं जाणार म्हटलं की मला हमखास फोन येतो, आणि तो हमखास आठव्या दिवशी येतो. महाराष्ट्राच्या १९७५ च्या झाडांच्या कायद्यानुसार तोडण्याआधी वर्तमानपत्रात आणि खुद्द झाडावर नोटीस लावावी लागते. हरकतीची मुदत तिच्यातच छापलेली असते, सात दिवस. तरी लोकांना सुचतं काय, तर नोटिशीचा फोटो काढून ग्रुपवर टाकणं.

दोन पावसाळ्यांपूर्वी मुलुंडला आमच्या मागच्या गल्लीत हेच झालं. नोटीस पर्जन्यवृक्षाला ठोकलेली आणि समोर कायम एक टेम्पो उभा. कुणालातरी ती दिसली, फोटो चार ग्रुपांवर फिरला, रडके इमोजी आले, तीनशे सह्या जमल्या. अर्ज घेऊन आम्ही वॉर्ड ऑफिसात पोचलो तो नववा दिवस होता. कारकुनाने शिक्का मारला आणि शांतपणे म्हणाला, "मुदत गेली की हो." बरं, मुदतीत गेलो असतो तरी अर्जात लिहिलेलं काय? ‘आमची सगळी झाडं वाचवा.’ नोटिशीत प्रत्येक झाडाचा नंबर होता, कुठलं तोडायचं, कुठलं हलवायचं, कुठलं ठेवायचं, सगळं होतं. नंतर नकाशा पाहिला तर दोन मोठी करंजं इमारतीच्या रेषेत येतच नव्हती, कंपाउंडच्या कडेला होती. एवढाच मुद्दा वेळेवर मांडायचा होता. ती दोन्ही गेली.

तेव्हापासून नोटीस दिसली की मी त्याच रात्री कागद काढतो. झाडाचा नंबर, जात, छातीच्या उंचीवरचा घेर (शिलाईच्या डब्यातली टेप पुरते) आणि ते झाड बांधकामात खरंच आडवं येतं का, एवढंच, एका पानात. सह्या तीनच असल्या तरी चालतात. अर्ज हाताने देऊन आवक शिक्क्याची प्रत घेतल्याशिवाय मी खिडकी सोडत नाही. ‘ऑनलाइन पिटिशन टाकली की झालं’ म्हणणाऱ्यांशी वाद घालणं मी सोडलं आहे.

‘जनसुनावणी होईल तेव्हा बोलू’ ही दुसरी चूक. केंद्राच्या २००६ च्या पर्यावरण मंजुरीच्या अधिसूचनेनुसार २०,००० चौरस मीटर आणि त्यापुढच्या बांधकामाला ती मंजुरी लागते खरी, पण इमारतींच्या प्रकल्पांना जनसुनावणीतून सूट आहे. तिची वाट बघू नका. मंजुरीचं पत्र केंद्राच्या परिवेश या वेबसाइटवर असतं, ते वाचा. बऱ्याच पत्रांत दर ८० चौरस मीटर जमिनीमागे एक झाड अशी अट असते. अटी पाळल्याचा अहवाल बिल्डरला दर सहा महिन्यांनी द्यावा लागतो, १ जून आणि १ डिसेंबरला. तो मागून बघा.

महापालिकेच्या १९१६ या हेल्पलाइनवर तक्रार करून तक्रार क्रमांक न घेणं म्हणजे भिंतीशी बोलणं.

आता सोसायट्यांचे हरित सोहळे. ५ जूनला, पर्यावरण दिनीच, रोप लावण्याचा हट्ट कशासाठी? मुंबईत पाऊस साधारण ११ जूनच्या सुमारास येतो. ५ तारखेला उन्हात खड्डा, फोटो, सामोसे, आणि ११ पर्यंत रोप वाळलेलं. एकदा तर मी रोपं काळ्या पिशवीसकट पुरलेली पाहिली. मुळं बिचारी प्लास्टिकमध्येच गोल फिरत राहिली.

गुलमोहर लावू नका, पावसाळ्यात गाड्यांवर पडतो. ताम्हण, बहावा, करंज लावा. आणि खोडाला चिकटवून पेव्हर ब्लॉक बसवणाऱ्या कंत्राटदाराला तिथल्या तिथे थांबवा.

मी आमचा कार्यक्रम जुलैच्या दुसऱ्या रविवारी ठेवतो, बॅनर लावत नाही. नोव्हेंबर ते मे पाणी कोण घालणार, त्याचं नाव आधी वहीत लिहून घेतो. वॉचमनचं नाव चालत नाही. जितकी नावं येतात तितकीच रोपं नर्सरीतून आणतो. मागच्या वर्षी सहाच आणली.