उंच आहात? पहिली टूरिंग बाईक गुडघे बघून घ्या

सहा फुटांच्या माणसाचे पाय जवळपास प्रत्येक बाईकवर जमिनीला टेकतात, म्हणून नुसती सीटची उंची बघू नका. बघायचं ते सीट आणि फूटपेग (पाय ठेवायची दांडी) यांमधलं अंतर. शोरूममध्ये कुणाला तरी बाईक सरळ धरायला सांगा आणि पाय पेगवर ठेवून चांगली दहा मिनिटं बसा. गुडघा काटकोनापेक्षा जास्त दुमडत असेल, तर ताम्हिणी उतरेपर्यंत मांड्या भरून येतील. मग पेगवर उभे राहा. हँडल धरायला फार वाकावं लागलं, तर हँडल वर उचलणारा रायझर बसतो का विचारा.

रॉयल एनफिल्डच्या हिमालयन ४५० ची सीट ८२५ वरून ८४५ मिलिमीटर करता येते, ही उंचांसाठी मोठी सोय. पण तिचं वजन १९६ किलो आहे. नवख्याने ती आधी बंद अवस्थेत ढकलून, मागे-पुढे करून बघावीच. कात्रजच्या चढावरच्या ट्रॅफिकमध्ये उंची नाही, तोल कामाला येतो.

आणि टेस्ट राइड गल्लीतली नको. विंडस्क्रीनवरून येणारा वारा नेमका हेल्मेटवर आदळतो का, हे सातारा रस्त्याला ७०-८० च्या वेगातच कळतं.