बायबलमधलं वचन रोजच्या दिवसात उतरवायचं कसं? लेवीय 19 पासून सुरुवात करून बघा

बायबल रोज वाचणारे खूप जण आहेत. सकाळी वचन वाचतात, आवडलं तर स्टेटसला टाकतात, आणि दोन तासांनी ऑफिसमध्ये कोणीतरी डोकं फिरवलं की त्या वचनाचा आणि तोंडातून निघणाऱ्या शब्दांचा काही संबंधच राहत नाही. यात विश्वास खोटा असतो असं मला अजिबात वाटत नाही, वाचलेलं नेमकं कुठे लावायचं हे आपण ठरवलेलंच नसतं एवढंच. प्रेमाने वागा हे सगळ्यांना मान्य आहे, पण आज दुपारी तीन वाजता प्रेमाने वागायचं म्हणजे करायचं काय?

तर माझं म्हणणं, सुरुवात लेवीय 19 व्या अध्यायापासून करा. हो, लेवीयच, जुन्या करारातलं नियमांचं पुस्तक, जे बरेच जण पटपट उलटून पुढे जातात. शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती कर ही जी आज्ञा येशूने दुसरी मोठी आज्ञा म्हणून सांगितली ती इथलीच आहे, 18 वं वचन. प्रेषित पौलाने ती रोम आणि गलती इथल्या मंडळ्यांना पत्रं लिहिताना घेतली, याकोबाने आपल्या पत्रात तिला राजमान्य नियम म्हटलं. पण तिच्या आजूबाजूला काय लिहिलंय ते बघा ना: मजुराची मजुरी रात्रभर स्वतःजवळ ठेवू नको, बहिऱ्याला शाप देऊ नको, आंधळ्याच्या वाटेत अडखळण ठेवू नको, चहाड्या करत फिरू नको, वजनं मापं खरी ठेव. म्हणजे प्रीती कशी करायची हे देवाने आपल्या मूडवर सोडलेलंच नाहीये.

आता करायचं काय, तर 9 ते 18 आणि 33 ते 36 ही वचनं सावकाश वाचा आणि प्रत्येक वचनापुढे तुमच्या आयुष्यातल्या एका खऱ्या माणसाचं नाव लिहा. विषय नको, माणूसच हवा. प्रामाणिकपणा असं लिहिलंत तर काहीही होणार नाही, पण "अमुकचे पैसे द्यायचे राहिलेत" असं लिहिलं की काय करायचं ते लगेच समोर येतं. आणि आठवड्याला एकच वचन घ्या, सगळी एकदम घेतली की तिसऱ्या दिवशी सुटतात.

मजुरीचं वचन सगळ्यात सोपं आहे, तिथून सुरू करा. तुमच्यासाठी कोणी काम केलंय आणि त्याचं पेमेंट तुमच्या आळसामुळे अडकलंय का? पैसे असतील तर आजच द्या. याकोबाच्या पत्रात पाचव्या अध्यायात अडवून ठेवलेली मजुरी ओरडते असं लिहिलंय, आणि ती ओरड प्रभूच्या कानी गेलेली आहे.

बहिरा आणि आंधळा ही दोन उदाहरणं मला फार महत्त्वाची वाटतात. बहिऱ्याला शाप दिला तर त्याला ऐकूच येत नाही, तो उत्तर देऊ शकत नाही. मग जो माणूस त्या ग्रुपमध्ये नाहीये त्याच्याबद्दल ग्रुपमध्ये जे लिहिलं जातं ते दुसरं काय असतं? मेसेज पाठवायच्या आधी एवढंच विचारा, हा माणूस आत्ता इथे असता तर मी हे असंच लिहिलं असतं का. आणि आंधळा म्हणजे ज्याला दिसत नाही ते तुम्हाला दिसतंय असा कोणीही, नवीन लागलेला ज्युनियर, तुमच्याकडून जुनी गाडी घेणारा, न वाचता सही करणारा वयस्कर माणूस. त्याने विचारलं नाही म्हणून मी सांगितलं नाही, हे उत्तर माणसांसमोर चालेलही, पण तेच वचन पुढे म्हणतं, तू आपल्या देवाचं भय बाळग.

शेताच्या कडेचं पीक गरिबांसाठी आणि परक्यांसाठी सोडायचं हेही इथेच आहे (9 आणि 10 वं वचन). रूथ ही परदेशी विधवा बवाज नावाच्या जमीनदाराच्या शेतात सरवा, म्हणजे कापणीत मागे राहिलेली कणसं, वेचत होती ती याच नियमामुळे, आणि बवाजाने तर कामकऱ्यांना सांगितलं की पेंढ्यांमधली थोडी कणसं मुद्दाम तिच्यासाठी टाका. आपल्याला शेत नसेल पण पगार आहे, वेळ आहे, आणि दोन्हीची कड सोडता येते. खर्च करून उरलं तर देऊ असं करू नका कारण उरत नाही, आधीच बाजूला काढा.

आता जरा थांबायचं ते 17 आणि 18 वर, खरी अडचण इथेच येते. भावाचा मनात द्वेष करू नको, त्याला त्याची चूक अवश्य सांग, सूड घेऊ नको, मनात दावा धरू नको, आणि मग येतं, शेजाऱ्यावर प्रीती कर. हा क्रम बघा. आपण बहुतेक जण मधली पायरी गाळतो, तोंडावर काहीच बोलत नाही, मनात साठवतो, आणि त्यालाच क्षमा म्हणतो, मग सहा महिन्यांनी भलत्याच गोष्टीवरून स्फोट होतो. येशूनेही मत्तय 18:15 मध्ये तेच सांगितलंय, जा आणि तो आणि तू एकांतात असताना त्याची चूक दाखव. एकांतात म्हणजे आधी चार जणांना सांगून मग नाही. जाण्यापूर्वी काय घडलं ते दोन वाक्यांत लिहून बघा, तू नेहमीच असं करतोस हे वाक्य त्यात असेल तर काढा, आणि त्याचं म्हणणं पूर्ण ऐकल्याशिवाय उत्तर देऊ नका, नीतिसूत्रे 18:13 मध्ये ऐकण्याआधी उत्तर देण्याला सरळ मूर्खपणा म्हटलंय.

पण एक गोष्ट मला अगदी कळकळीने सांगायची आहे. समोरचा माणूस मारहाण करणारा असेल, धमकावणारा असेल तर एकट्याने त्याच्यासमोर जाऊ नका, आणि क्षमा केली म्हणजे परत त्याच घरात राहायलाच पाहिजे असं कोणी सांगत असेल तर ते ऐकू नका. दावीदाचं बघा. शौल राजा त्याच्या जिवावर उठला होता, दावीदाला त्याला मारायची संधी दोनदा मिळाली, दोन्ही वेळा त्याने हात उचलला नाही. दुसऱ्या वेळी शौल म्हणाला, माझ्या पुत्रा, परत ये. दावीद गेला नाही, शौलाच्या उशाजवळून उचललेला भालासुद्धा स्वतः नेऊन दिला नाही, एखाद्या तरुणाला पाठवून तो घेऊन जा म्हणाला (1 शमुवेल 26). सूड घेतला नाही आणि अंतरही ठेवलं, दोन्ही एकत्र होऊ शकतं.

वचन लावताना अजून एक काळजी घ्या, आजूबाजूची वचनं वाचल्याशिवाय ते कोणालाही, स्वतःलासुद्धा, लावू नका. येशूची परीक्षा घेताना सैतानाने मंदिराच्या शिखरावर त्याच्यासमोर 91 व्या स्तोत्रातलंच वचन म्हणून दाखवलं होतं, म्हणजे नुसतं वचन तोंडात असणं पुरेसं नाही. फिलिप्पैकरांस 4:13, जो मला सामर्थ्य देतो त्याच्याद्वारे मी सर्वकाही करू शकतो, हे परीक्षा नि इंटरव्ह्यूच्या आधी खूप लोक म्हणतात, पण पौल ते बंदिवासातून लिहितोय आणि आधीच्याच वचनात उपाशी राहणं आणि भरपूर असणं दोन्हीत कसं राहायचं ते शिकलो म्हणतोय. म्हणून ते वचन नोकरी गेली त्या दिवशीही लागू आहे, उलट त्या दिवशी जास्तच.

आणि या सगळ्यात प्रार्थना कधी करायची? सकाळची वेळ ठेवाच, पण नहेम्यासारखी मधल्यामध्ये पण करा. नहेम्या पारसच्या राजाचा प्यालेबरदार होता. राजाने विचारलं तुला काय पाहिजे, त्याने तिथेच मनात देवाची प्रार्थना केली आणि उत्तर दिलं. बॉसने प्रश्न विचारल्यावर, फोन उचलायच्या आधी, रिप्लाय टाईप करताना, एवढीशी प्रार्थना कुठेही होते. मात्र नहेम्या त्याआधी कित्येक दिवस उपास करून प्रार्थना करत होता हे विसरू नका, ती सवय होती म्हणून ऐनवेळी सुचलं.

चुकलंच तर? चुकणार. तेव्हा फक्त देवाला सॉरी म्हणून विषय संपवू नका. गणना 5:7 मध्ये दोष कबूल करून भरपाई द्यायची आणि वर पाचवा हिस्सा घालायचा असं आहे, येशूला भेटलेला जकातदार जक्कय तर चौपट द्यायला तयार झाला. म्हणून ज्याचं नुकसान केलंत त्याला आधी फोन करा, काय केलं ते स्पष्ट सांगा, पैसे असतील तर थोडे वाढवून परत करा, कोणाबद्दल खोटं पसरवलं असेल तर ज्या ग्रुपमध्ये पसरवलं त्याच ग्रुपमध्ये दुरुस्त करा. त्यानंतर प्रार्थनेला बसा, मत्तय 5:24 मध्ये येशूने क्रम असाच सांगितलाय, दान वेदीपुढे तसंच ठेव, आधी भावाशी समेट कर, आणि मग येऊन दान अर्पण कर.