फ्लशची टाकी सारखी वाहतेय? सेट बदलण्याआधी हे करून बघा

रात्री घर शांत झालं की कमोडकडून बारीक ‘सर्र’ आवाज येत राहतो. टॉर्च मारून बघितलं तर भांड्याच्या मागच्या बाजूनं काचेसारखी पातळ धार उतरत असते. अशा वेळी ‘आतला सगळा सेटच बदला’ हा सल्ला हमखास मिळतो. खरं तर दोष बहुतेकदा एका वायसरचा असतो, नाहीतर त्याखाली अडकलेल्या खड्याचा.

आधी पाणी कुठून जातंय ते ठरवा. झाकण काढा. काही टाक्यांत ते बटणाच्या रिंगेनं आवळलेलं असतं. रिंग सैल केल्याशिवाय ओढू नका, टाकीच्या कडा तडकतात. आत मधोमध उभी ओव्हरफ्लो नळी दिसेल. तिच्या तोंडातून पाणी आत पडत असेल तर दोष पाणी भरणाऱ्या व्हॉल्व्हचा, म्हणजे बॉलकॉकचा. पडत नसेल तर भिंतीवरचा अँगल कॉक बंद करा, पाण्याच्या पातळीवर पेन्सिलीनं रेघ मारा आणि अर्धा तास कुणाला फ्लश करू देऊ नका. पातळी उतरली तर तळाचा वायसर गळतोय. टाकी आतून 40 सेंमी लांब आणि 15 सेंमी रुंद असेल, तर 1 सेंमी उतार म्हणजे 600 मिली. दिवसाला जवळजवळ 29 लिटर!

अँगल कॉक वर्षानुवर्षं फिरवलेला नसतो. फिरत नसेल तर पान्यानं जबरदस्ती नको, गच्चीवरच्या टाकीचा व्हॉल्व्ह बंद करा.

तळाचा वायसर: फ्लश करून टाकी रिकामी करा. बटणवाल्या टाकीतला मधला मनोरा साधारण पाव फेरा डावीकडे फिरवला की सुटून वर येतो. त्याच्या बुडाशी रबराची चकती असते. सांगलीत नळाला कृष्णेचं पाणी असलं तरी फ्लशला बोअरचं पाणी सोडलेल्या सोसायट्या पुष्कळ आहेत. बादलीवर पांढरे डाग पडत असतील तर या चकतीवरही तोच खरखरीत थर सापडणार. लिटरभर कोमट पाण्यात 2 चमचे लिंबूसत्व घालून ती अर्धा तास भिजत ठेवा आणि जुन्या टूथब्रशनं घासा. चकती जिथं टेकते ती तळाची कडाही पुसा. लोक नेमकी हीच विसरतात. बाथरूमचं ॲसिड मात्र टाकीत ओतू नका, रबर आणि स्क्रू दोन्ही खातं. चकतीवर खाच पडली असेल तर उलटी करून बसवा, काही दिवस निभावतं. नवी आणायला जाताना जुनी बरोबर न्या, कारण प्रत्येक कंपनीचं माप निराळं.

चकती चांगली असूनही गळत असेल तर बटणाखालच्या दांड्या बघा. त्या लांब झाल्या तर झाकण लावताच बटण अर्धवट दाबलेलं राहतं. दांडी आणि बटण यांच्यात 2-3 मिमी फट हवी.

बॉलकॉक: पातळी ओव्हरफ्लोच्या तोंडाखाली 2 ते 2.5 सेंमी असावी. फ्लोटचा स्क्रू फिरवून, जुना पितळी दांडा असेल तर तो हलकाच खाली वाकवून, पातळी उतरवा. तरी पाणी थांबत नसेल तर आतल्या पडद्यात गाळ आहे. गच्चीवरची टाकी धुतल्यावर किंवा पावसाळ्यात गढूळ पाणी आल्यावर हे हटकून होतं. पाणी बंद करून वरची टोपी फिरवून काढा, पडदा बाजूला ठेवा, उघड्या तोंडावर बादलीतला मग उपडा धरा आणि अँगल कॉक 2-3 सेकंदच उघडा. मग धरला नाही तर फवारा थेट छताला! वाळू निघून गेली की पडदा आधीच्याच बाजूनं परत बसवा.

सगळं जोडून टाकी भरली की त्यात कपड्यांच्या निळीचे 8-10 थेंब टाका. 20 मिनिटांनी भांड्यात निळी छटा दिसली तर चकती अजून नीट टेकलेली नाही. मनोरा पुन्हा काढा आणि तळाच्या कडेवरून बोट फिरवून बघा, कुठंतरी खडा लागेलच.