डॅलसला मुलांकडे जाताय? एक बेसबॉलचा सामना बघूनच या

मे महिन्यात भुसावळ तापलं की आमच्या ओळखीतले आई-बाप मुलांकडे टेक्सासला निघतात. तिथलं ऊनही आपल्याच जातीचं! म्हणून तर डॅलसजवळच्या आर्लिंग्टनला टेक्सास रेंजर्स या बेसबॉल संघाने 1994 चं उघडं मैदान सोडलं आणि जवळच सरकत्या छपराचं ग्लोब लाइफ फील्ड उभारलं. 2020 पासून सामने तिथे होतात. भर दुपारचं तिकीटसुद्धा बिनधास्त काढा, पण शाल घ्या. छप्पर मिटून एसी लागला की गुडघे धरतात.

तिकीट मोबाइलवरच दाखवायचं असतं, फोन चार्ज करून निघा. आर्लिंग्टनला आपल्यासारखी शहर बस नाही. गाडीनेच जायचं, तेव्हा पार्किंगही आधीच घ्या.

जागा फलंदाजाच्या मागची, वरच्या मजल्यावरची घ्या. मैदानालगतच्या जागेपेक्षा स्वस्त पडते, आणि टप्पा न पडता येणारा चेंडू ऐन वेळी कसा वळतो ते तिथून छान कळतं. खाली, जिथे समोर जाळी नाही तिथे बसलात तर खेळाकडे पाठ करू नका. फटकावलेला चेंडू थेट लोकांत येतो. तो परत द्यायचा नसतो, ज्याच्या हाती लागला त्याचा. लहान पोरं त्यासाठी हातमोजा घालूनच बसलेली असतात.

फलकावर बॉल, स्ट्राइक, आउट एवढंच बघत राहा. फलंदाजाचा फटका हुकला किंवा त्याने टप्प्यातला चेंडू सोडला की स्ट्राइक; टप्प्याबाहेरचा चेंडू सोडला की बॉल. तीन स्ट्राइक झाले की फलंदाज बाद; चार बॉल झाले की त्याला पहिला बेस, म्हणजे धावेच्या वाटेवरचा पहिला थांबा, फुकट. तिघे बाद झाले की बाजू बदलते. दोन्ही संघ खेळले की एक डाव, असे नऊ. पण दोन स्ट्राइकनंतर बाजूच्या रेषेबाहेर नुसता फटका गेला तर तिसरा स्ट्राइक धरत नाहीत. चिवट फलंदाज मग एकामागून एक चेंडू बाहेर ढकलतो, पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, पुन्हापुन्हा टोपी सारखी करतो, सगळं मैदान उभं राहतं. यासाठीच जायचं! 2023 पासून पिचरच्या मागे घड्याळ लागलंय: बेसवर कुणी नसेल तर 15 सेकंदांत चेंडू टाकायला सुरुवात करावीच लागते. त्यामुळे खेळ रेंगाळत नाही.

घरचं खाणं पारदर्शक पिशवीतून नेता येतं. नियम बदलू शकतात, आदल्या दिवशी मैदानाच्या संकेतस्थळावर बघून घ्या. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी उत्तम. सातव्या डावाच्या मध्यात सगळे पाय मोकळे करायला उठतात, तुम्हीही उठा. सामना संपल्यावर मात्र लगेच पळू नका. पार्किंगची गर्दी ओसरेपर्यंत बसा, उरलेल्या दशम्या तेव्हा संपवा.