सीडी प्लेअरचा आवाज बिघडतो कुठे? सोलापूरच्या घरांत होणाऱ्या या चुका टाळा

सीडी अडकली किंवा आवाज दबका येऊ लागला की "लेन्स गेली" असं म्हणून आपण मोकळे होतो. प्रत्यक्षात लेन्स सहसा धुळीने माखलेली असते. आवाज दबला असेल तर दोष बहुतेक वेळा वायर, स्पीकरची जागा किंवा खोलीचा निघतो. म्हणून प्लेअर बदलायचा विचार करण्याआधी हे सगळं एकदा तपासा.

आधी दोष ओळखा

एकच सीडी अडकत असेल तर दोष त्या सीडीचा. सगळ्याच अडकत असतील किंवा पडद्यावर 'नो डिस्क' येत असेल, तर लेन्स बघा. पहिली गाणी नीट वाजतात आणि शेवटची दोन-तीन अडखळतात, हे दुखणं मात्र वेगळं आहे. सीडी आतून बाहेर वाचली जाते, त्यामुळे शेवटच्या गाण्यांना लेन्स ती सरकते त्या रुळाच्या बाहेरच्या टोकाला गेलेली असते. तिथलं ग्रीस वाळलं किंवा त्यात धूळ बसली की ती पुढे सरकत नाही. पूर्व भागात किंवा अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीजवळ, जिथे घराशेजारी यंत्रमाग चालतात, तिथे सुताचे बारीक तंतू ट्रेबरोबर आत जातात आणि ग्रीसमध्ये अडकून चिकट लगदा होतो. जुनं ग्रीस कापसाच्या बडने पूर्ण पुसून काढा आणि प्लास्टिकला चालणारं पांढरं ग्रीस मोहरीच्या दाण्याएवढंच लावा. शिलाई मशीनचं तेल किंवा खोबरेल नको. ते पसरतं, धूळ ओढतं आणि लेन्सपर्यंत पोचतं.

लेन्स पुसताना

प्लग काढा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. लेसरचा किरण डोळ्यांना दिसत नाही, म्हणून झाकण उघडं ठेवून प्लेअर कधीही चालू करू नका. लेन्स साधारण मसुराच्या दाण्याएवढी, निळसर झाक असलेली असते आणि अगदी नाजूक आधारावर लटकलेली असते. तिला बोट लावू नका. आधी कॅमेऱ्याच्या रबरी ब्लोअरने धूळ उडवा. तोंडाने फुंकलं तर थुंकीचे कण बसतात. मग ९९ टक्क्यांच्या आयसोप्रोपिल अल्कोहोलचा एक थेंब बडवर घ्या. बड ओला हवा, गळता नको. बडचं स्वतःचं वजन पडेल इतकाच दाब देऊन एकदा-दोनदा गोल फिरवा, नंतर कोरड्या बडने टिपा आणि पाच मिनिटांनी सीडी लावा.

थिनर आणि नेलपॉलिश रिमूव्हर लेन्सचं प्लास्टिक खातात. हँड सॅनिटायझरमध्ये बहुधा ग्लिसरीन असतं, त्याचा थर लेन्सवर राहतो.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे लेन्सच्या युनिटवरचा छोटा प्रीसेट (लेसरचा करंट ठरवणारा पेच) स्क्रूड्रायव्हरने फिरवणं. लेसरचा करंट वाढतो, दोन-चार दिवस सगळ्या सीड्या छान वाजतात आणि मग लेसर कायमचा जातो.

सीडी गोल गोल पुसू नका

मधल्या भोकापासून कडेकडे, सरळ रेषेत पुसा. सीडीवरची गाणी एका सलग वळणदार रेषेत साठवलेली असतात आणि प्लेअरमधली त्रुटी सुधारण्याची यंत्रणा सुमारे अडीच मिलिमीटरपर्यंतचा सलग तुटवडा भरून काढते. आडवा ओरखडा रेषेला जेमतेम छेदून जातो. गोल पुसताना उठलेला ओरखडा मात्र रेषेच्या बाजूने धावतो, आणि तिथे यंत्रणा हरते. पदर किंवा टॉवेल नको, त्यातली धूळच ओरखडे उठवते.

डाग असेल तर कोमट पाण्यात भांड्याच्या लिक्विडचा एक थेंब टाकून धुवा. बोअरचं जड पाणी सीडीवर वाळलं तर पांढरे ठिपके पडतात, म्हणून शेवटची धुवण इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात त्या डिस्टिल्ड वॉटरने करा. छापील बाजूला जास्त जपा. चमकणारा धातूचा थर तिथेच, लाखेच्या पातळ लेपाखाली असतो. त्या बाजूचा ओरखडा कशानेही भरून येत नाही. आणि मे महिन्यात बंद गाडीच्या डॅशबोर्डवर सीडी ठेवली तर ती वाकते. वाकलेली सीडी पुन्हा सरळ होत नाही.

जोडणीतल्या चुका

प्लेअरची लाइन आउट पिन अॅम्प्लिफायरच्या 'सीडी' किंवा 'ऑक्स'मध्येच लावा. 'फोनो' तबकडीच्या सुईचा क्षीण सिग्नल वाढवण्यासाठी असतो. सीडीचे जवळपास २ व्होल्ट तिथे गेले की आवाज फाटतो आणि बास नको तितका फुगतो. हेडफोनच्या भोकातून जोडणी करणंही टाळा.

डीव्हीडी प्लेअरवर सीडी ऐकत असाल (बऱ्याच घरांत आता तोच उरलाय) तर सेटिंगमध्ये जाऊन थ्रीडी, सराउंड आणि डायनॅमिक रेंज हे तिन्ही बंद करा. एवढ्यानेही आवाज मोकळा होतो.

बास गायब आहे आणि गायकाचा आवाज नेमका कुठून येतो ते कळत नाही? एका स्पीकरच्या लाल-काळ्या वायरी उलट लागल्यात. दोन्हीकडे लाल ला लाल, काळ्या ला काळी जोडा. पाच मीटर अंतराला दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर पुरते. बेलची बारीक वायर वापरू नका.

फरशी, भिंती आणि चादर

इथल्या बहुतेक घरांत शहाबादी किंवा टाइल्सची फरशी, सिमेंटच्या भिंती आणि मोजकं फर्निचर. अशा खोलीत टाळी वाजवली की मागून 'झर्र' असा आवाज येतो. गाण्यातला प्रत्येक 'स' आणि झांज तशीच भिंतींत आपटत राहते, आणि महागडा प्लेअरही कर्कश वाटतो. उपाय घरातच आहे. सोलापुरी चादर दुहेरी घडी करून, भिंतीपासून पाच-सात सेंटिमीटर अंतर सोडून, स्पीकरसमोरच्या म्हणजे तुमच्या पाठीमागच्या भिंतीवर टांगा. दुसरी स्पीकर आणि तुमच्या मधल्या फरशीवर अंथरा. पुन्हा टाळी वाजवा, फरक लगेच कळेल. चादरीने फक्त वरच्या पट्टीचा आवाज शोषला जातो. बासचं घुमणं कमी करायचं तर स्पीकर कोपऱ्यातून बाहेर काढा, मागच्या भिंतीपासून निदान ४० सेंटिमीटर. दोन स्पीकर आणि तुमची खुर्ची यांचा समभुज त्रिकोण हवा, आणि ट्वीटर (वरच्या पट्टीचा आवाज देणारा छोटा स्पीकर) बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला. शोकेसच्या वरच्या फळीवर ठेवलेला स्पीकर छतालाच गाणी ऐकवतो.

ऊन, कूलर आणि वीज

अॅम्प्लिफायरच्या डोक्यावर प्लेअर ठेवू नका. एप्रिल-मेमध्ये बाहेर ४२ अंश असताना पत्र्याखालच्या खोलीत मुळातच भट्टी असते. अॅम्प्लिफायरवर किमान १० सेंटिमीटर मोकळी जागा सोडा. कूलरच्या झोतातही प्लेअर नको. ती ओली हवा लेन्सवर धूळ चिकटवते.

सतत 'हूं' असा गुरगुराट येत असेल तर सेट-टॉप बॉक्सची केबल काढून बघा. तो थांबला तर दोन उपकरणांच्या अर्थिंगमधला फरक हे कारण. सगळे प्लग एकाच बोर्डावर घ्या. अर्थिंगची पिन तोडणं हा उपाय नव्हे, त्यात शॉकचा धोका आहे. लाइट गेल्यावरच गुरगुराट सुरू होत असेल तर इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा आहे, म्हणजे त्याची वीज घरच्या विजेसारखी गुळगुळीत लहरीची नसते. तिथे वायर बदलून काही होणार नाही, प्युअर साइन वेव्हचाच इन्व्हर्टर लागेल.