सहा प्रश्नचिन्हं: जावातून एक्सएमएल काढताना मराठी कुठे हरवतं

पहिल्या नोकरीत मी विद्यार्थ्यांच्या नावांची एक्सएमएल फाइल (टॅगांमध्ये माहिती ठेवणारी मजकूर-फाइल) काढणारा प्रोग्रॅम जावात लिहिला. माझ्या उबुंटूवर सगळी नावं स्वच्छ दिसायची. क्लायंटच्या विंडोज सर्व्हरवर मात्र 'सुनीता'च्या जागी ओळीने सहा प्रश्नचिन्हं! दोन दिवस मी नुसती फाइलची पहिली ओळ बघत बसले, कारण तिथे एन्कोडिंग, म्हणजे अक्षरांचे बाइट करण्याची पद्धत, यूटीएफ-८ असं स्पष्ट लिहिलेलं होतं.

मी इथेच फसले, म्हणून सावकाश सांगते. ती ओळ म्हणजे डब्यावरची चिठ्ठी. चिठ्ठीवर 'साखर' लिहिलं म्हणून आतल्या मिठाची साखर होत नाही. एक्सएमएलस्ट्रीमरायटर हा जावातला एक्सएमएल लिहिणारा क्लास. त्याच्या राइटस्टार्टडॉक्युमेंट या मेथडला तुम्ही यूटीएफ-८ दिलंत, तर तो फक्त चिठ्ठी चिकटवतो. बाइट तयार करतो तो खालचा रायटर. माझा होता बफर्डरायटरमध्ये गुंडाळलेला साधा फाइलरायटर. त्याला एन्कोडिंग सांगितलं नाही, तर जुनं जावा मशीनचं डिफॉल्ट उचलतं. सर्व्हरवर ते विंडोज-१२५२ हे रोमन लिपीसाठीचं एन्कोडिंग होतं. त्यात देवनागरी अक्षरांना जागाच नाही, म्हणून प्रत्येकाच्या जागी प्रश्नचिन्ह.

आता चिन्हं मोजा. 'सुनीता'त स, उकार, न, वेलांटी, त, काना असे सहा कोड पॉइंट (युनिकोडमधले वेगवेगळे क्रमांक) आहेत. प्रश्नचिन्हं सहाच असतील, तर अक्षरं लिहिताना मेली. त्या फाइलमधून ती परत येणार नाहीत. यूटीएफ-८ मध्ये यातल्या प्रत्येकाला तीन बाइट लागतात. त्यामुळे अठराएक विचित्र रोमन चिन्हं दिसत असतील तर घाबरू नका. बहुधा फाइल शाबूत आहे, वाचणाऱ्याने ती चुकीच्या एन्कोडिंगने उघडली आहे. आमची मूळ नावं डेटाबेसमध्ये होती म्हणून निभावलं. मूळ प्रत हाताशी नसताना जुनी फाइल ओव्हरराइट करू नका. कधीच नाही.

दुरुस्ती एका ओळीची निघाली. फाइलआउटपुटस्ट्रीमभोवती आउटपुटस्ट्रीमरायटर घ्या आणि त्याला यूटीएफ-८ स्वतः सांगा. जावा ११ पासून फाइलरायटरलाही ते सांगता येतं. मार्च २०२२ च्या जावा १८ पासून डिफॉल्टच यूटीएफ-८ झालं, पण जुन्या आवृत्त्या अजून कितीतरी सर्व्हरवर चालू आहेत.

मला एका सीनियरने सर्व्हर सुरू करताना फाइल-एन्कोडिंगचा फ्लॅग, म्हणजे डिफॉल्ट एन्कोडिंग बदलणारी सूचना, लावायला सांगितलं होतं. चाललं. पुढे दुसऱ्या मशीनवर तो लावायचा राहिला आणि तीच प्रश्नचिन्हं परत आली. असे तोडगे मला पटत नाहीत. दुसऱ्या एका सहकाऱ्याने माझ्या शेजारी बसून हेक्समध्ये (एकेक बाइट आकड्यांत दाखवत) फाइल उघडली आणि विचारलं, "यात तुझा 'स' कुठे आहे?" त्या अर्ध्या तासात मी खरं शिकले. असं शेजारी बसणारं माणूस शोधा, आणि विचारायला लाजू नका.

स्ट्रिंग जोडून टॅग बनवू नका, एखाद्या नावातला अँपरसँड (&) सगळी फाइल मोडतो. स्ट्रिंगचे बाइट देणाऱ्या गेटबाइट्सलाही एन्कोडिंग द्या, तोही तसाच फसवतो.

तो फ्लॅग मी आजही वापरते, पण उलटा. जुन्या जावावर टेस्ट मुद्दाम विंडोज-१२५२ देऊन चालवते. तरीही 'सुनीता' नीट उमटली, तरच फाइल पुढे पाठवते.