जुन्या वाफ्यात लहान पाम लावताना या चुका टाळा

‘आंब्याखाली जागा मोकळी आहे, तिथे कोणता लहान पाम लावू?’ हा प्रश्न मला दर पावसाळ्यात विचारला जातो, आणि विचारणारे बहुतेक जण उत्तर ऐकण्यापूर्वीच अरेका घेऊन आलेले असतात. कुंडीत अडीच-तीन फुटांचा असताना अरेका मोठा गुणी दिसतो. परंतु मूळचा मादागास्करचा हा पाम जमिनीत उतरला की वीस फूट सहज गाठतो आणि बुंध्यापाशी फुटवे काढत चहूबाजूंनी फुगत जातो.

हे मी स्वतःच्या खर्चाने शिकलो. कोथरूडच्या घरी जुन्या बकुळीखाली मी हौसेने पाच अरेका लावले होते. सातव्या वर्षी त्यांच्या झावळ्या बकुळीच्या फांद्यांत घुसल्या आणि खालची नेचे व कर्दळ प्रकाशावाचून मेली. ते काढायला दोन माणसांना पहारी घेऊन दोन दिवस खपावे लागले, कारण त्यांची मुळे बकुळीच्या मुळांत इतकी गुंतली होती की एक तोडताना दुसरे तुटत होते. पुढच्या उन्हाळ्यात बकुळीची एक जाड फांदी वाळली. आता तिथे रॅफिस हा बुटका पाम आहे. तोही जमिनीखालून फुटवे काढतो, परंतु सावलीत तो सावकाश वाढतो आणि हद्दीबाहेर आलेले फुटवे मी वर्षातून एकदा कुदळीने तोडतो. जागा त्याहूनही कमी असेल, तर कॅमेडोरिया एलेगन्स घ्यावा. तो सहसा सहा फुटांच्या आत राहतो.

दुसरी चूक घाईची आहे. वाफा लगेच भरलेला दिसावा म्हणून लोक पाच फुटी पाम आणतात, त्याच्या मातीच्या गोळ्यासाठी दीड-दोन फुटांचा खड्डा खणतात आणि मध्ये आलेली झाडाची मुळे निर्धास्तपणे छाटतात. काही जण तर खणण्याचा त्रास नको म्हणून जुन्या झाडाभोवती फूटभर लाल माती ओततात, त्यामुळे खालच्या मुळांना हवा मिळत नाही आणि झाड हळूहळू खंगते. मी पाच-सहा इंची पिशवीतलीच रोपे घेतो. खणण्यापूर्वी लोखंडी सळई खुपसून पाहतो आणि अंगठ्याहून जाड मूळ लागले, तर वीतभर बाजूला सरकतो. रोप पिशवीत जेवढे खोल होते, तेवढेच जमिनीत ठेवतो. काळ्या मातीत पाणी तुंबते, म्हणून तिथे जागा किंचित उंचावर निवडतो.

कॅमेडोरियाच्या एका कुंडीत पुष्कळदा दहा-पंधरा रोपे दाटीने लावलेली असतात. ती सोडवून ‘एकाच्या पैशांत पंधरा पाम’ करण्याचा मोह अनेकांना होतो. त्या ओढाताणीत नाजूक मुळे तुटतात आणि निम्मी रोपे जातात. आख्खा पुंजका लावावा.

जास्वंदीसारखा पामचा शेंडा खुडू नये. एकखोडी पामला वाढीचा कोंब एकच असतो आणि तो गेला की झाड गेले. फिनिक्स रोबेलिनी या बुटक्या पामच्या देठांच्या बुडाशी काटे असतात, तेव्हा तो पायवाटेलगत नको. लिक्वाला पाम कोकणातल्या दमट हवेत देखणा दिसतो, पण पुण्याच्या एप्रिल-मेच्या कोरड्या झळांत त्याच्या पानांच्या कडा करपतात. भेरली माड आपल्या सह्याद्रीतला असला, तरी तो चाळीस फुटांचा वृक्ष आहे. सायकस मुळात पामच नव्हे, आणि घरात कुत्रा असेल तर तो लावूच नये, कारण त्याच्या बिया विषारी असतात.

जानेवारीत पुण्याच्या एम्प्रेस गार्डनच्या पुष्पप्रदर्शनाच्या सुमारास घेतलेली रोपे लगेच जमिनीत लावण्याची घाई मला कधीच समजलेली नाही. शेडनेटखाली वाढलेले रोप पश्चिमेच्या उन्हात आले की पाने भाजतात, आणि भाजलेले पान पुन्हा हिरवे होत नाही. जूनपर्यंत ते कुंडीतच, झाडाच्या सावलीत राहू द्यावे. लावल्यानंतरही पहिले दोन उन्हाळे पाणी हाताने, आळ्यात घालावे, कारण वाफ्याला दिलेल्या पाण्यातले बरेचसे जुने झाडच पिऊन टाकते. मे महिन्यात पंधरा दिवस गावी राहून आल्यावर वाळलेला पाम दाखवत ‘नर्सरीवाल्याने फसवले’ असे सांगणाऱ्यांना मी आता पाण्याविषयी विचारतही नाही.